बर्फाचे बूट घातलेला औषधवाला

फसवणूक माझी झाली आणि ती त्या औषधवाल्याने केली. पैशाची नव्हे. पैशात मला फसवणारा अजून जन्माला यायचा आहे. त्याने मला लोकांसमोर खोटं पाडलं आणि जो खरोखर खोटं बोलला होता त्याला अलगद सोडून दिलं. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. बायको म्हणते, विसरा. मी विसरत नाही. मात्र त्या माणसाला शिव्या घालायला म्हणून बसलो की थोड्या वेळाने लक्षात येतं, शिव्या राहिल्या बाजूला, मी त्याच्याबद्दल नुसता विचार करतो आहे. हा माणूस होता तरी कसा?

बेडोकला आमच्या ब्लॉकखाली दुकानांची रांग होती. न्हावी, फळवाला, चिनी देवांच्या उदबत्त्या विकणारी एक बाई आणि कोपऱ्यावर एका मोठ्या कंपनीच्या साखळीतलं औषधांचं दुकान. तो तिथला फार्मासिस्ट. मालक नव्हता, पगारी नोकर होता, पण दुकानात असा वावरायचा की जणू आपण सगळे त्याच्या घरात विचारल्याशिवाय शिरलो आहोत. पन्नाशी उलटलेला चिनी गृहस्थ, आखूड उभे केस, पांढरा कोट, चष्मा कायम कपाळावर. सगळे त्याला अंकल म्हणत. मीही म्हणायचो. तो मला ‘बॉस’ म्हणायचा, आणि त्यात आदर किती नि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिल्याच भेटीत भांडण झालं. मुलीची परीक्षा जवळ आली होती, म्हणून मी स्मरणशक्तीच्या गोळ्यांची बाटली उचलून काउंटरवर ठेवली. एकावर एक फुकट होती. त्याने बाटली उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “बस.”

काउंटरसमोर लाल प्लास्टिकचं स्टूल होतं. मी म्हणालो, “मला घाई आहे.”

“घाई असेल तर केक घे, पलीकडे बेकरी आहे. औषध ही उभ्याने घ्यायची वस्तू नाही.”

बसलो. मुलगी किती वाजता झोपते, सकाळी काय खाते, चष्मा तपासून किती दिवस झाले, असलं सगळं त्याने विचारलं. मग बाटली परत फळीवर, तीही अगदी खालच्या, जिथे कुणाचा हात पोचणार नाही. “हे नको. लवकर झोपव.”

मी धंदा करणारा माणूस. चांगी विमानतळाजवळच्या बिझनेस पार्कमधल्या बँका आणि आयटी कंपन्या जुने कॉम्प्युटर काढून टाकतात, ते उचलायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे, हा माझा व्यवसाय. इथे आलो तेव्हा मी अशाच एका कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा पगारी माणूस होतो. आज माझं गोदाम आहे, आणि ते कुणी मला हुंड्यात दिलेलं नाही. दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा विक्रेता मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी चिडून म्हणालो, “असं दुकान चालवलंत तर बंद पडेल.”

“पडू दे,” तो म्हणाला. “मी दुकान नाही चालवत. मी औषध देतो. म्हणजे द्यायचो.”

‘द्यायचो’ म्हणजे काय, हे कळायला मला पुष्कळ दिवस लागले.

मध्ये काही वर्षं तो कॅनडात होता. तिकडे त्याच्या प्रांतात फार्मासिस्टला बरेच अधिकार होते. नेहमीच्या रोग्याची चिठ्ठी संपली तर तो स्वतः ती पुढे चालू करू शकायचा. गोळी मानवत नसेल तर डोस बदलू शकायचा आणि डॉक्टरला तसं कळवायचा. मग इथे त्याचे म्हातारे वडील आजारी पडले, हा परत आला. वडील गेले, हा राहिला. पण इथल्या कायद्यात त्याला त्यातलं काहीच करता येत नव्हतं. डॉक्टर लिहील ते द्यायचं, न लिहील ते नाही. त्यातही इथले बहुतेक डॉक्टर आपल्या दवाखान्यातच गोळ्या विकतात, त्यामुळे चिठ्ठी त्याच्यापर्यंत यायचीच क्वचित. “कॅनडा, कॅन. बेडोक, कॅनॉट,” हे त्याचं पालुपद. कुणी म्हातारी रिकामी पाकिटं घेऊन आली की हे म्हणायचा, दुकानाच्या दारावर ‘थोड्या वेळात येतो’ अशी पाटी लावायचा आणि म्हातारीला घेऊन दोन ब्लॉक पलीकडच्या दवाखान्यात जायचा. तिथे तिच्याबरोबर नंबर लावून बसायचा. आत जाऊन डॉक्टरशी डोसवरून घासाघीस करायचा. डॉक्टर एक सांगायचा, हा दुसरं सांगायचा, कधी अध्येमध्ये तुटायचं. कॅश काउंटरवरची मुलगी मला म्हणायची, “अंकल सिअव सिअव वन,” म्हणजे थोडा हललेला. इकडे गिऱ्हाइकं पाटी वाचून निघून जायची.

मला हे पाहून गंमत वाटायची. घासाघीस करून मी पोट भरतो, आणि तीच कला हा माणूस फुकट वापरत होता.

तेवढ्यात माझी आई आली. वडील गेल्यावर ती बार्शीला एकटी राहत होती, म्हणून तिचा लांब मुदतीचा पास काढून तिला इथे आणलं. तिला रक्तदाब. महिना-दीड महिन्याने त्याच दोन ब्लॉक पलीकडच्या दवाखान्यात जायचं, टीव्हीवर नंबर येईपर्यंत थांबायचं, डॉक्टर मान वर न करता “सेम?” विचारणार, मी “सेम” म्हणणार, गोळ्या घेऊन परत. भाषा येत नाही म्हणून तिला एकटीला पाठवता येत नव्हतं. माझी अर्धी सकाळ त्यात जायची.

एकदा खोकल्याच्या गोळीसाठी तिला औषधवाल्याकडे नेलं. ती स्टुलावर बसली आणि काउंटरखाली वाकून बघायला लागली. मग मला म्हणाली, “अरे, ह्या माणसाच्या पायात बघ की काय आहे.”

मीही वाकलो. पांढऱ्या कोटाखाली, साध्या पँटीखाली, गुडघ्यापर्यंत येणारे लोकर लावलेले बर्फातले बूट. बाहेर घामाने शर्ट अंगाला चिकटत होता.

“एसी थंड,” तो म्हणाला, जरासा ओशाळून. “काउंटरमागे कोण बघतं?”

“त्यांना म्हणावं, पायाची कातडी मऊ पडंल अशानं,” आई म्हणाली. मी सांगितलं. तो हसला आणि वाकून आईचे पाय पाहायला लागला. आईने पाय मागे घेतले, त्याने हाताने थांब म्हटलं. घोट्यावर अंगठ्याने दाबलं. खळगा पडला, तो भरून यायला वेळ लागला.

“बॉस, हे कधीपासून?”

“चपला बसत नाहीत म्हणत होती,” मी म्हणालो. “वय झालं.”

“वय नाही. गोळी. ह्या गोळीने काहींचे पाय सुजतात. डोस कमी करून बघायला हवा.”

“मग करा की.”

“कॅन सी,” तो म्हणाला. “कॅनॉट टच.”

असं म्हणताना त्याने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. मला संताप आला. कुणाचा ते तेव्हा कळलं नाही. माल समोर आहे, गिऱ्हाईक समोर आहे, कारागीर समोर आहे, आणि काम होत नाही. असला व्यवहार मी एक दिवस चालू दिला नसता.

माझे वडील बार्शीच्या बाजारात बैलांचे दलाल होते. तिथे भाव तोंडाने बोलत नसत. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात उपरण्याखाली घ्यायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, मान हलली की सौदा झाला. कागद नाही, सही नाही. त्या सौद्यातून जो फिरला त्याला पुढच्या बाजारी कुणी दावं धरू देत नसत. मी त्या शाळेत शिकलो आहे. म्हणून ठरवलं, हा सौदा मी जुळवणार.

दोन्हीकडची गरज कळली की सौदा निम्मा होतो. डॉक्टर दुपारी समोरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात, जेवायचा. तरुण होता, नुकताच दवाखाना घेतलेला, कायम दमलेला. मी औषधवाल्याला कोटासकट उचलून तिथे नेलं आणि डॉक्टरच्या टेबलावर बसवलं.

“डॉक्टर, नुसतं ‘सेम’ म्हणायला येणारे पेशंट किती असतात?”

“निम्मे तरी असतील,” तो चिकन राइस खात म्हणाला.

“ते खुर्च्या अडवतात आणि तापाने फणफणलेला बाहेर उभा राहतो. खरं की नाही?”

“खरं.”

“मग माझ्या आईपुरतं करून बघा. गोळ्या चालू ठेवायचं काम ह्यांच्याकडे. हे ब्लडप्रेशर बघतील, पाय बघतील, गरज पडली तर डोस एक पायरी खाली आणतील. तुम्हाला लगेच फोन. तुम्ही तुमच्याकडे नोंद करून चिठ्ठी द्यायची. काही महिन्यांनी तुम्ही स्वतः तपासायचं.”

“आणि काही झालं तर?”

“काही होऊ नये म्हणूनच हा माणूस. तुम्ही माझ्या आईचे पाय कधी पाहिलेत?”

डॉक्टरचा चमचा थांबला. औषधवाला सोया मिल्कच्या ग्लासातला बर्फ चमच्याने काढून बशीत ठेवत होता.

“ओके लाह,” डॉक्टर शेवटी म्हणाला. “तिच्यापुरतं. बदललंत तर फोन करा.” आणि त्याने मान हलवली. मी दोघांना हात मिळवायला लावले. डॉक्टरच्या बोटांना तेल होतं, तरी मिळवायला लावले.

परत येताना औषधवाला दोनदा थांबला. “बॉस, तो खरंच कॅन म्हणाला?”

“माझ्यासमोर म्हणाला.”

“यू शुअर आह?”

“अहो, मी सौदा केलाय!”

पुढच्या दिवशी आईला घेऊन गेलो तर हा माणूस ओळखू येईना. चष्मा नाकावर होता. कोट इस्त्रीचा. आणि पायात बर्फाचे बूट नव्हते, काळे चकचकीत बूट होते. त्याने आईचं ब्लडप्रेशर बसवून घेतलं, उभं करून घेतलं, तिला दुकानात दोन फेऱ्या मारायला लावून घेतलं. काय खातेस, मीठ किती, लोणचं किती, उपास कधी. मी भाषांतर करून थकलो. मग त्याने डोस निम्म्यावर आणला आणि माझ्यासमोर डॉक्टरला फोन लावला. पलीकडून “ओके ओके, बिझी” एवढं मलाही ऐकू आलं. फोन ठेवून त्याने पुडी आईच्या हातात दिली, दोन्ही हातांनी, इथे मानाने वस्तू देतात तशी. आई म्हणाली, “बसा आता तुम्ही पण. दमलात.” तो बसला. तेव्हापासून तो शब्द त्याने उचलला. मलय असो, चिनी असो, दारात माणूस आला की “बसा!”

त्या दिवसांत मी त्याला फार बघायचो. संध्याकाळी विनाकारण दुकानात डोकवायचो. एखादं काम येत असूनही करायला न मिळणं माणसाचं काय करतं, आणि मिळाल्यावर काय करतं, हे मला समजून घ्यायचं होतं. तो शीळ घालायला लागला होता. आईच्या पायांची सूज उतरली. तिच्या कोल्हापुरी चपला पुन्हा पायात आल्या, आणि ती त्या मुद्दाम घालून त्याला दाखवायला गेली.

आता मुख्य गोष्ट. त्याची एक वाईट खोड होती. कुणी जुनी औषधं दाखवली की तो ती काढून घ्यायचा आणि समोरच कात्रीने कापून कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. एका मलय बाईची पिशवीच्या पिशवी त्याने अशी रिकामी केली. ती बिचारी रडकुंडीला आली. आईने हे पाहिलं. तिच्या ट्रंकेत बार्शीहून आणलेल्या, रक्तदाबाच्याच पण वेगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, स्टीलच्या डब्यात, वर लवंग टाकून. तिने त्या कुणालाच दाखवल्या नाहीत.

एका चतुर्थीला ती बायकोबरोबर खालच्या बाजारात भाजी घ्यायला गेली आणि दुधी निवडता निवडता खाली बसली ती उठलीच नाही. अँब्युलन्स, हॉस्पिटल. रक्तदाब इतका खाली गेला होता की डॉक्टर धावत होते. दोन दिवसांनी ती डोळे उघडून नीट बोलायला लागली, तेव्हा बायकोने तिचे कपडे काढताना ट्रंकेत सापडलेला डबा तिच्यापुढे ठेवला. “आई, हे काय?”

“अगं, अर्ध्या गोळीनं काय होतंय? परदेशात सगळंच मोजून-मापून देतात, म्हणून मी वरनं आपल्याकडची एक घेत होते. पाय बरे झाले की नाही? आन्‌ टाकून द्यायच्या होत्या व्हय त्या? ह्यांनी जन्मात कधी काही टाकलं न्हाई.”

बायको माझ्याकडे बघून म्हणाली, “तुम्हीच घातलात ना हा घाट?” मी तिला सांगितलं, घाट बरोबर होता. आजही सांगतो. डोस बरोबर होता, माणूस बरोबर होता. गोळ्या डब्यात होत्या.

पण पुडीवरचा डोस आणि दवाखान्याच्या कागदावरचा डोस जुळेना. हॉस्पिटलने विचारलं, डोस कुणी बदलला? चौकशी दवाखान्यात गेली. डॉक्टरने सांगितलं, मला काही माहीत नाही. चौकशी दुकानात आली. साखळीच्या ऑफिसातून एक मॅनेजर बाई आल्या. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी आपणहून गेलो. काउंटरवर हात ठेवून सांगितलं, “मी साक्षीदार आहे. डॉक्टर माझ्यासमोर हो म्हणाला. हात मिळवला. फोनही झाला.”

मॅनेजर बाईंनी औषधवाल्याकडे पाहिलं. “डॉक्टरांनी परवानगी दिली होती?”

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. चष्मा पुन्हा कपाळावर होता. मग शांतपणे म्हणाला, “नो. मी एकट्याने केलं. ह्या कस्टमरचा गैरसमज झालाय. हा माणूस प्रत्येक गोष्टीत सौदा करतो, मॅडम. कुणी शिंकलं तरी ह्याला वाटतं, भाव ठरला.”

कॅश काउंटरवरची मुलगी हसली. बाईंच्या ओठांवरही हसू आलं. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. बापाच्या बाजारात असं बोलणाऱ्याला मी काठीने झोडला असता.

संध्याकाळी तो खोक्यात सामान भरून बाहेर पडला तेव्हा मी त्याला बसथांब्यापाशी गाठला. “का? माझ्या तोंडावर मला खोटं का पाडलंस?”

“आवाज कमी, बॉस. आजी कशी आहे?”

“आजी बरी आहे! तू उत्तर दे!”

त्याने खोकं खाली ठेवलं. “तो पोरगा डॉक्टर हो म्हणाला, कारण तो दमला होता आणि त्याने पहिल्यांदा विचार केला. आज मी त्याचं नाव घेतलं तर तो संपला. उद्या बेडोकमधला एकही डॉक्टर फार्मासिस्टचा फोन उचलणार नाही. मी एकटा म्हटलं तर काय? एक खुळा अंकल. संपलं.”

“आणि मी?”

“तुला काय झालं? तू विकतोस कॉम्प्युटर.”

“माझा शब्द गेला!”

“हां,” तो म्हणाला, जरा विचार करून. “ते मी तुझ्याकडून न विचारता घेतलं.”

एवढंच. माफी नाही. बस आली, तो गेला. कुणी म्हणतं सीमेपलीकडे जोहोरला आहे, कुणी म्हणतं कॅनडात परतला. त्याच्या जागी एक हसतमुख मुलगी आली. स्टूल काढलं, तिथे स्मरणशक्तीच्या बाटल्यांचा मनोरा लावला.

मी पुष्कळ विचार केला आहे. त्याला पुन्हा हात खिशात घालायचे नव्हते म्हणून त्याने हे केलं, की पुढे दुसऱ्या कुणा फार्मासिस्टचे तरी खिशातून बाहेर यावेत म्हणून? मला वाटतं दुसरं. मग माझ्या रागाचं काय करायचं? ज्याने माझा शब्द घेतला त्याच्याकडून वसुली होत नाही, कारण त्याच्याजवळचं त्याने सगळं देऊन टाकलं होतं. असल्या माणसाशी सौदा करणं अवघड.

अलीकडे मात्र बातमी ऐकली. सरकारी दवाखान्यांत आता काही फार्मासिस्टांना खास शिक्षण देऊन, डॉक्टरांशी ठरवून, नेहमीच्या रोग्यांची औषधं चालू ठेवायचे आणि डोस बदलायचे अधिकार देत आहेत. मी बातमी ऐकली आणि गोदाम बंद करून थेट त्या जुन्या डॉक्टरच्या दवाखान्यात गेलो. नंबर घेतला. बसलो. दवाखाना मोठा झाला आहे, शेजारचा गाळाही घेतला आहे. नंबर लागला, आत गेलो. डॉक्टरचे केस कानांपाशी पिकले आहेत. त्याने स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, “काय होतंय?”

“मला काही होत नाही,” मी म्हणालो आणि खुर्ची पुढे ओढून बसलो. “माझ्या आईच्या गोळ्या. हॉकर सेंटर. तुम्ही त्या माणसाशी हात मिळवलात.”

आता त्याने मान वर केली. मला ओळखलं. हात टेबलावरच्या घंटीकडे गेला आणि मध्येच थांबला.

“त्याने तुमचं नाव घेतलं नाही. त्याची नोकरी गेली, माझा शब्द गेला, तुम्ही दुसरा गाळा घेतलात. तो जे करत होता ते आता सरकार शिकवतंय. म्हणून विचारतो, आणि उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही. त्याला हो म्हणालात, मग नाही कसं म्हणालात? बाहेर माणसं थांबली आहेत, थांबू देत. बोला, डॉक्टर.”